न परतलेला बालांग

१० फेब्रुवारी १९९६, शनिवार

आज मी आजोबा झालो. नात झाली ती सप्टेंबरातच, पण आमच्यात गावजेवण होऊन नवं नाव पडल्याशिवाय माणूस आजोबा मोजला जात नाही. सकाळी घरातून निघालो तो बालांग लिबान, निवृत्त मुख्याध्यापक. संध्याकाळी परतलो तो पादान रायेह, लिलिनचा आजोबा.

जेवण सीमेपलीकडे, लाँग सेमादला, व्याह्यांच्या अंगणात होतं. त्यांनी दोन रेडे कापले. डुकरं किती ते मी विचारलं नाही, कारण मग त्यांनी सांगितलं असतं. भर मंडपात नाव तीनदा पुकारलं आणि तिन्ही वेळा चारशे माणसांनी ते परत म्हटलं. माझ्या घशात काहीतरी अडकलं. पानात बांधलेल्या मऊ भाताचा गोळा असावा, असं मी हिला सांगितलं.

व्याही सामुएल तागाल चार वेळचे आजोबा. त्यांचं नाव कधीच बदलून झालंय. आमच्या भाषेत 'रायेह' म्हणजे मोठा. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, नाव भलतंच मोठं घेतलंत. आता पोटही त्या मापाचं करा." माणूस वाईट नाही. बोलतो जास्त.

येताना खिंडीतल्या चौकीवर नोंदवहीत सही केली. तीस वर्षं मुलांना अक्षर वळवायला शिकवलं, तेव्हा नवं नाव पहिल्यांदा कागदावर उतरताना ते ठसठशीत यावं असं मनात होतं. तसंच आलं. मागून हिने घाईघाईने काहीतरी खरडलं. गुडघा दुखत होता म्हणे.

११ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर पास्टरांनी मला नव्या नावाने उभं केलं. आमचं सगळं बा'रुआन गाव आज मला पादान रायेह म्हणतंय. ही तेवढी नाही. विचारलं तर म्हणाली, "सदतीस वर्षं 'अहो' म्हणतेय. ते कुठे बदललंय?"

२४ फेब्रुवारी, शनिवार

हात दाखवून अवलक्षण.

नातीला भेटायला म्हणून भोपळा पाठीवर टाकून खिंड चढलो. चौकीवरचा कॉर्पोरल जेलानी जानेवारीत समुद्राकडून बदलून आलाय. पोरगा सभ्य आहे, थंडीने नाक कायम लाल. वही उघडून बसला आणि माझ्याकडे बघेना.

"गुरुजी, बालांग लिबान दहा तारखेला पलीकडे गेलेत. ते अजून आलेले नाहीत."

"मी आलोय की. तुझ्यासमोर उभा आहे."

"तुमचं नाव?"

"पादान रायेह."

"हो ना. पादान रायेह दहा तारखेला इकडे आले. पण ते कधी पलीकडे गेलेच नव्हते. वरून पत्र आलंय. बालांग लिबान पलीकडे बेपत्ता, पादान रायेह इकडे विनापरवाना. दोघांचा उलगडा होईपर्यंत दोघांनाही सोडायचं नाही."

मी त्याला जेवणाची, रेड्यांची, चारशे माणसांची हकिगत सांगितली. त्याने सगळी ऐकली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सोपं आहे, गुरुजी. पादान रायेह चुकून लिहिलं असं म्हणू. मी ते खोडतो, तुम्ही बाजूला बालांग लिबान अशी सही करा. आत्ता पाच मिनिटांत पलीकडे जाल."

खोडतो म्हणाला. नातीमुळे मिळालेलं नाव, आणि चुकून लिहिलं म्हणायचं! आमच्यात नाव पडल्यावर कुणी जुन्या नावाने स्वतःची ओळख दिली, तर म्हातारी माणसं विचारतात, नातवंड नकोसं झालं का रे? मी भोपळा तसाच परत आणला.

२५ फेब्रुवारी, रविवार

हिचं म्हणणं, खोडू द्यावं. "वहीतलं खोडलं म्हणजे गावाने खोडलं का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"नाव मोठं, लक्षण खोटं. नात तिकडे, आजोबा इकडे, आणि नाव मध्ये खिंडीत."

बिचारीचंही नाव त्याच दिवशी बदललं, म्हणजे तीही माझ्यासारखीच अडकलेली असणार. पण तिने स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलट भोपळ्याची भाजी केली आणि अर्धा भोपळा बाजूला ठेवला, बहिणीकडे न्यायला.

मागच्या रानातून चोरवाट आहे, ती गावातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक आहे. पण ज्याने तीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलं त्याने झुडपांतून जायचं? जाईन तर चौकीवरून, आणि माझ्या नावाने.

४ मार्च, सोमवार

अर्ज लिहून झाला. एक प्रत आपल्या राज्याच्या जिल्हा अधिकाऱ्यांना, एक त्यांच्या प्रांताच्या तालुका अधिकाऱ्यांना, तिसरी माझ्याकडे. कार्बन जुना निघाला, तिसरी प्रत भुतासारखी उमटली.

मुख्य वाक्य तीन दिवस घोळवून असं केलं: "सदर इसम बदललेला नाही, तो फक्त एका पिढीने मोठा झाला आहे." हिला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. तिला लिखाणात इतका रस मी कधी पाहिला नव्हता.

९ मार्च, शनिवार

अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, लावासला, विमानाने गेला. पलीकडची प्रत जेलानीने त्यांच्या शिपायाच्या हाती दिली. चौकीच्या दारापासून त्यांची चौकी हाकेच्या अंतरावर आहे, पण तेवढं अंतर मला चालता येत नाही.

तिसरी प्रत सापडत नाही. हिला विचारलं तर म्हणाली, सुकट बांधली असेल त्यात. गाढवाला गुळाची चव काय.

१५ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. म्हशीला जळवा लागल्या होत्या, त्या काढल्या. ही दिवसभर बहिणीच्या खालच्या शेतावर होती. आठवड्यातून दोनदा जाते हल्ली. दोघींचं इतकं सख्य लग्नाआधीही नसेल.

१९ मार्च, मंगळवार

जेलानी गावात अंडी घ्यायला आला होता. मला म्हणाला, "काकूंचा गुडघा कसाय? चढाने त्रास होत असेल."

पाहा, माझ्या बायकोच्या गुडघ्याची कीर्ती चौकीपर्यंत पोचली! मी सांगितलं की खालच्या शेताला चढ नाही, उतार आहे. तो लाल झाला आणि दोन अंडी जास्तीची घेऊन गेला.

२३ मार्च, शनिवार

जेवताना ही म्हणाली, "लिलिनला खाली दात आला असेल. डावीकडचा."

मी म्हटलं, "डावीकडचा कशावरून?"

"सहावा महिना सरला. आमच्या घराण्यात डावीकडचाच आधी येतो."

बायकांना हे कसं कळतं, देव जाणे. मी मनात हिशेब केला, सहा आठवडे होत आले मी पोरीला पाहिलेलं नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि माझा डावा पाय बधिर झाला होता. मी हाललो नव्हतो.

३१ मार्च, रविवार

आज प्रार्थनेत मन लागलं नाही. इथे कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो.

आमच्या मिरियामने पलीकडचा मुलगा निवडला तेव्हा मी चार महिने धड बोललो नाही. मार्कुसमध्ये खोट नव्हती. भाषा एक, देव एक, त्याच्या आजीचं थडगंसुद्धा आमच्या गावात आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की मुलगी दुसऱ्या देशात जाते. व्याही तेव्हा हसले होते. "मास्तर, पाऊस पडतो तेव्हा खिंडीतलं अर्धं पाणी तुमच्याकडे येतं आणि अर्धं आमच्याकडे. त्याला कुणी पास मागितलाय?" बोलायला काय जातं. पाण्याचं नाव बदलत नाही.

आता रोज डोळ्यांपुढे येतं ते हे, की व्याही झऱ्याचं खारं पाणी चुलीवर आटवून, मीठ काढून घरी येतात, हात धुतात आणि पोरीला उचलतात. तिला त्यांच्या अंगाचा धुराचा वास ठाऊक होणार. माझा होणार नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. नावासाठी भांडतोय असं सगळ्यांना सांगतो, पण अर्धं भांडण त्यांच्याशीच आहे की काय, अशी शंका येते.

चार वेळा मनात आलं की उद्या जावं आणि बालांग लिबान लिहून टाकावं. चारही वेळा ते चारशे आवाज कानात आले.

२ एप्रिल, मंगळवार

घरात मिठाची एवढी पुडकी आहेत की दुकान टाकता येईल. सगळी पानात वळलेली, लाँग सेमादच्या पद्धतीची. ही म्हणते बहिणीने दिली. मेव्हणीला कुठून मिळतात कोण जाणे. एकूण काय, ज्यांना तत्त्व नाही त्यांच्याकडे मीठ आहे.

५ एप्रिल, गुड फ्रायडे

जेलानी मुस्लिम, तरी सकाळी मुद्दाम निरोप घेऊन आला. बुधवारी खिंडीत राज्य आणि प्रांत यांची सहामाही बैठक आहे. विषयपत्रिकेत सातवा विषय: "नावाबाबत". माझा अर्ज पोचला! दोन्हीकडे पोचला!

हिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. बुधवारी पांढरा शर्ट घाला, निळ्याची कॉलर गेलीय." आणि विणकाम चालू ठेवलं. लहानसं काहीतरी विणतेय, पिवळं.

१० एप्रिल, बुधवार

सविस्तर लिहितो, कारण असा दिवस पुन्हा यायचा नाही.

सीमेचा दगड खिंडीत चौकीच्या पुढे आहे. बैठकीचं लांब टेबल त्याच्यावर आडवं ठेवतात, म्हणजे निम्मं टेबल आपल्यात आणि निम्मं त्यांच्यात. चहा आपला, केळ्याची भजी त्यांची. आपले अधिकारी लावासहून रात्रीच येऊन राहिले होते. त्यांच्या बाईसाहेब मोटारसायकलवरून चिखलाने माखून आल्या. मग दोघांनी झेंड्यांची उंची जुळवली आणि बसले.

भरकटलेल्या म्हशी, कोंबड्यांचा रोग, फुटबॉलचा सामना कुणाच्या मैदानावर, असे सहा विषय झाले. मी शर्टाच्या खिशात भाषण घेऊन उभा. सातवा विषय पुकारला, मी पाऊल पुढे टाकलं आणि पलीकडून आवाज आला, "साहेब, आधी मी बोलतो."

व्याही! गावातले दोन वृद्ध सोबत, तिघांच्याही डोक्यावर ठेवणीतल्या टोप्या.

"या माणसाला मी पंचवीस वर्षं ओळखतो," ते म्हणाले. "माझ्या अंगणात, माझ्या तोंडून याला नाव पडलं. तुमच्या वहीतला बालांग हरवलेला नाही. तो बदललेला नाही, तो फक्त एका पिढीने मोठा झाला आहे."

मी चाट पडलो. माझं वाक्य, शब्दाला शब्द! म्हणजे खरोखर चांगलं वाक्य एकाच वेळी दोन डोक्यांत येऊ शकतं. व्याह्यांबद्दल माझा आदर तिथल्या तिथे वाढला.

आपले साहेब म्हणाले, नियम नियम असतो, एका माणसासाठी वही बदलता येत नाही. तेव्हा त्यांच्या बाईसाहेबांनी पिशवीतून यादी काढली. "एक कुठे? आमच्या वहीप्रमाणे आमची नऊ माणसं तुमच्याकडे गेली ती आलीच नाहीत. आणि सात जण असे आलेत जे कधी गेलेच नव्हते. तागालजी महिनाभर माझ्या मागे लागलेत म्हणून मी मोजली."

"आमच्याकडे या एका गुरुजींशिवाय कुणी नाही," आपले साहेब जरा गर्वाने म्हणाले.

बाईसाहेब हसल्या. "तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या वह्या काढून पाहा."

साहेबांनी जेलानीला पाठवलं. जुनी वही आली. पंधरा मिनिटं चाळली. त्यात आमचे पास्टर सापडले. दोन वर्षांपूर्वी पलीकडे गेलेले, अजून न आलेले. दर रविवारी प्रवचन कोण देतं, असा प्रश्न व्याह्यांनी विचारला आणि आपले साहेबसुद्धा चहात ठसकले.

ठरलं ते असं: दोन्ही वह्यांत नावाशेजारी "पूर्वीचं नाव" असा रकाना, आणि दोन्ही बाजूंचा एकेक साक्षीदार. जेलानीने तिथेच पट्टी घेऊन रेघ ओढली. पहिली नोंद माझी. नवं नाव, मग पूर्वीचं नाव. खालती व्याह्यांची सही, इकडून पास्टरांची, जे आता कायदेशीररीत्या परत आले होते.

भाषण खिशातच राहिलं. हरकत नाही. अर्जाने काम केलं.

हिला म्हणालो, "बघितलंस, लेखणीची ताकद?"

"बघितली," ती म्हणाली. "उद्या लवकर निघू. ऊन चढायच्या आत खिंड गाठायची तर ओढ्याकडून जाऊ, तिकडे आता पायऱ्या केल्यात."

११ एप्रिल, गुरुवार. लाँग सेमाद, व्याह्यांच्या घरी

नवं नाव लिहून पलीकडे आलो. जेलानीने सलाम ठोकला. पायऱ्या खरंच होत्या.

वाटभर मी मनात ठरवत होतो, पोरीला कसं उचलायचं, काय म्हणायचं. घराशी आलो तेव्हा मिरियाम तिला कडेवर घेऊन जिन्यावर उभी होती. केवढी झाली होती! मी हात पुढे केले. "लिलिन, आजोबा आले."

तिने माझ्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला. डावीकडचा दात दिसला. मग तिने असा टाहो फोडला की कोंबड्या उडाल्या.

आणि मग ती झेपावली. माझ्या खांद्यावरून, मागे उभ्या असलेल्या हिच्याकडे. दोन्ही हात पसरून, खिदळत. हिच्या गळ्यातली माळ धरून तोंडात घातली आणि गप्प झाली. पिवळी टोपी पोरीच्या डोक्याला अगदी बेतल्यासारखी बसली होती.

मार्कुसला एकदम जळण आठवलं. व्याही टोपी हातात घेऊन तिच्यात काहीतरी शोधू लागले.

मी मुख्याध्यापक होतो. वर्गात कोण काय लपवतंय हे मला पाठमोरं उभं राहून कळायचं. आज दोन महिन्यांनी कळलं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"आठवड्यातून दोनदा," ही म्हणाली. "पावसात एकदाच."

"आणि वहीत काय लिहायचीस?"

"पासावर जे आहे ते. रूत लाबो. पहिल्या दिवसापासून." तिने पोरीचं नाक पुसलं. "अहो, मलाही नाव पडलंय. मलाही ते आवडतं. पण ही पोर दोन महिन्यांची सुट्टी घेऊन वाढायची थांबली नसती."

"आणि माझी तिसरी प्रत?"

"ती माझ्याकडे आहे," व्याही म्हणाले. "पाठ करायला आठ दिवस लागले, मास्तर. वाक्य जरा लांब आहे."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. आलं ते रडू, आणि या वेळी भाताच्या गोळ्यावर ढकलायला जवळ भातही नव्हता. व्याही शेजारी येऊन बसले. त्यांच्या अंगाला धुराचा वास होता. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यांच्यासाठी ते फार आहे.

मग म्हणाले, "माझ्याकडे बघूनसुद्धा थोरला नातू महिनाभर रडायचा. मी तर त्याच घरात होतो."

दुपारी मी पोरीपासून चार हातांवर बसलो. ती माझ्याकडे बघते, ओठ काढते, आजीच्या कुशीत तोंड खुपसते, पुन्हा बघते. संध्याकाळी तीन हातांवर आलो. चष्मा काढून मध्ये ठेवला. तिने तो ओढून घेतला आणि त्या दाताने चावला. काडीवर खूण उठलीय.

नाव राखलं याचा मला अजूनही पस्तावा नाही. चारशे माणसांनी दिलेलं ते, आणि आता दोन सरकारांच्या वहीत आहे. पण तो दात येताना मी पाहिला नाही. पहिल्यांदा ती पालथी झाली ते पाहिलं नाही. ते कुठल्या रकान्यात भरून मिळत नाही, हे मला माझ्या अर्जात सुचलं नव्हतं.

पासावर मला इथे दहा दिवस राहता येतं. हिला म्हणालो, तू उद्या घरी जा, म्हैस बघ, गुडघ्याला विश्रांती दे. ती लगेच कबूल झाली. मला वाटतं, तिने हेही आधीच ठरवलं होतं.

व्याही म्हणतात, पोर उद्या नाही रडायची. रडली तरी मी इथेच आहे.